अख्ख्या देशाला एकच पिवळा : समलैंगिकतेच्या स्वीकाराचा नकाशा दाखवणारं अॅप वापरून पाहिलं

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा रंगांसाठी कापला. एक तारा कशासाठी कापला ते सांगायला जरा वेळ लागेल.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे ही बाई कुठल्या अधिकारानं बोलतेय ते कळेल. मी बावीस वर्षं सर्वेक्षणाच्या कामात काढली. साबण कुठला वापरता इथपासून मत कुणाला देणार इथपर्यंत, लोकांच्या दारात उभं राहून काय वाट्टेल ते विचारलं. शेवटची सहा वर्षं बसून काम होतं: दुसऱ्यांनी भरून आणलेले फॉर्म तपासायचे, खोटे भरलेले ओळखायचे. मुलगा चौतीस वर्षांचा आहे. त्याचा जोडीदार छत्तीसचा. सात वर्षं एकत्र राहतात. मुलाच्या कंपनीनं बदलीसाठी तीन शहरं पुढे ठेवली: सोल, वॉर्सा आणि सिडनी. "आई, तू आकडेवाली, तूच बघून सांग," असं म्हणून त्यानं अॅपची लिंक पाठवली आणि स्वतः मोकळा झाला.

अॅपचं नाव लिहीत नाही. अशी आणखी चार-पाच आहेत आणि मी सांगणार आहे ती खोड थोड्याफार फरकानं सगळ्यांत आहे.

काम साधं आहे. जगाचा नकाशा उघडतो. समलैंगिकता समाजानं मान्य करावी असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण जिथे जास्त तिथे गडद हिरवा, मग फिका हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. देशावर बोट ठेवलं की आकडा येतो. दोन देश शेजारी ठेवून तुलना करता येते. खाली वर्षांची पट्टी आहे, ती सरकवली की रंग बदलत जातात. अॅप झटपट उघडतं, जाहिराती नाहीत, आकड्याखाली तो कुठल्या सर्वेक्षणातून घेतला तेही लिहिलेलं असतं. हे शेवटचं फार कमी ठिकाणी असतं, त्याचे पूर्ण गुण दिले. हिरवा-लाल न ओळखता येणाऱ्या माणसासाठी मात्र हा नकाशा म्हणजे नुसता चिखल. माझ्या भावाला दाखवला, तो म्हणाला, "सगळंच तर सारखं दिसतंय." गेला अर्धा तारा.

आता पिवळ्याकडे येते.

दक्षिण कोरियावर बोट ठेवलं: ४४. पोलंडवर ठेवलं: ४७. दोन्ही एकाच पिवळ्यात. हे आकडे प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१९च्या सर्वेक्षणातले. त्यांनी ३४ देशांत एकच प्रश्न विचारला होता. वरच्या टोकाला स्वीडन ९४, खालच्या टोकाला नायजेरिया ७. इस्रायल ४७, ग्रीस ४८ आणि हंगेरी ४९ हेही त्याच पिवळ्यात बसले आहेत. पिवळा पाहून मुलानं निष्कर्ष काढला, "म्हणजे सोल काय, वॉर्सा काय, एकच."

एकच? बिलकुल नाही.

कोरियाचे ४४ कशाचे बनले आहेत ते पाहा. १८ ते २९ वयाच्या लोकांत ७९ टक्के हो म्हणतात, पन्नाशी ओलांडलेल्यांत २३. म्हणजे तिथली भेग नकाशावर काढताच येणार नाही, कारण ती प्रत्येक घरात जेवणाच्या टेबलावरून जाते. एका बाजूला मुलगी, समोर वडील. ऑफिसातला बरोबरीचा सहकारी सहज बोलेल, वरचा साहेब विषय बदलेल. घरमालक बहुतेक साहेबाच्याच वयाचा असणार.

पोलंडमध्ये भेग जमिनीवर आहे. २०१९च्या मार्चमध्ये श्विदनिक जिल्ह्यानं आपला प्रदेश 'एलजीबीटी विचारसरणीपासून मुक्त' असल्याचा ठराव केला. मग एकामागून एक नगरपालिका आणि प्रांतही तसे ठराव करत गेले, मुख्यतः देशाच्या आग्नेय भागात. वर्षभरात देशाचा साधारण एक तृतीयांश भाग अशा ठरावांखाली आला. युरोपीय संघानं निधी रोखायला सुरुवात केली, पोलिश न्यायालयांनी ठराव रद्दबातल केले आणि ते हळूहळू मागे घेतले गेले. शेवटचा, वान्त्सुत गावच्या परिसरातला, २०२५मध्ये. आणि त्याच काळात राजधानी वॉर्सात हजारोंच्या मिरवणुका निघत होत्या. अॅपमध्ये मात्र वॉर्साही ४७ आणि श्विदनिकही ४७.

गंमत म्हणजे पोलंडनं समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या यादीतून १९३२मध्येच काढले होते. इंग्लंडला ते जमायला १९६७ उजाडलं. आज ब्रिटनचा आकडा ८६ आहे. कायदा आधी सुधारला म्हणून मन आधी सुधारतं असं काही नसतं.

या दोन पिवळ्यांत आणखी एक फरक आहे, तो माझ्या धंद्यातला. त्या सर्वेक्षणात कोरियात फोनवरून विचारलं होतं आणि पोलंडमध्ये घरी जाऊन, समोरासमोर. हे अॅपमध्ये कुठेच नाही. ज्यानं कधी दारात उभं राहून असला प्रश्न विचारलेला नाही, त्याला ही बारीकशी गोष्ट वाटेल.

एका मुलाखतीचं सांगते. आमच्या हातात एक कार्ड असायचं, एक ते दहा आकड्यांचं. एक म्हणजे 'कधीही समर्थनीय नाही', दहा म्हणजे 'नेहमीच समर्थनीय'. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे नावाचं मोठं आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण आहे, १९८१पासून चालू असलेलं, त्यात हीच पट्टी वापरतात. समलैंगिकतेचा प्रश्न त्यात कशाच्या पंक्तीत बसवलाय? तिकीट न काढता प्रवास करणं, कर चुकवणं, लाच घेणं. त्या ओळीत ती गोष्ट ऐकली की माणूस आपोआप आवाज कडक करतो. तर, समोरचे गृहस्थ साठीचे. तिकीट: एक. कर: तीन (हसून). लाच: एक. समलैंगिकता: "एक. लिहा, एक." आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "एक काय? आणि तुमचा भाऊ?" गृहस्थ गप्प. मी पेन धरून बसलेली. नियम असा की आपण काही बोलायचं नाही, चेहराही हलवायचा नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "दोन लिहा."

मी दोन लिहिले. फॉर्मच्या शेवटी मुलाखतकारानं भरायची एक जागा असते: मुलाखतीच्या वेळी तिसरं कुणी हजर होतं का. तिथे 'होय' लिहिलं. ते दोन पुढे कुठल्यातरी सरासरीत विरघळून गेले असतील. बायको त्या वेळी बाजारात गेली असती तर एकच राहिला असता. आणि फोनवर, खोलीचं दार लावून, त्यांनी काय सांगितलं असतं कोण जाणे. कदाचित पाच.

त्या वर्षी मला कुणी तोच प्रश्न विचारला असता तर मी किती सांगितले असते, हे मी अॅप वापरताना स्वतःला विचारलं. मुलगा तेव्हा दहावीत होता. चार म्हणाले असते. स्वतःला फार पुढारलेली समजून चार.

अॅपच्या मराठी भाषांतराबद्दलही बोललं पाहिजे, कारण हसू आणि राग दोन्ही आले. मूळ प्रश्नातल्या 'मान्य करावी' या अर्थाच्या शब्दासाठी त्यांनी 'स्वीकारार्ह' घातलाय. असं कुणी बोलतं का? माणसं बोलतात ती अशी: 'चालेल', 'हरकत नाही', 'त्यांचं ते बघतील', 'आपल्याला काय करायचंय', 'असू दे बाबा, पण आमच्यात नको'. प्रत्येकाचं तापमान वेगळं. 'हरकत नाही' म्हणणारा दार उघडतो. 'आपल्याला काय करायचंय' म्हणणारा दार लोटून घेतो, पण दगडही मारत नाही. सर्वेक्षणाला मात्र या सगळ्यांना दोन-तीन चौकटींत कोंबावं लागतं.

याचं उत्तम उदाहरण अॅपमध्येच सापडलं. आफ्रिकेतल्या देशांसाठी ते बऱ्याच ठिकाणी अफ्रोबॅरोमीटर या तिथल्या जनमत सर्वेक्षणाचे आकडे वापरतात. तिथला प्रश्न शेजाऱ्याबद्दल आहे: समलैंगिक माणूस शेजारी राहायला आला तर आवडेल, नावडेल की काही फरक पडणार नाही? 'आवडेल' आणि 'फरक पडत नाही' अशी दोन्ही उत्तरं मिळून 'सहिष्णु' धरतात. २०१४-१५च्या फेरीत ३३ देश होते. सरासरी १०० पैकी ७८ जणांनी 'नावडेल' सांगितलं. पण केप व्हर्दमध्ये ७४ टक्के सहिष्णु निघाले, दक्षिण आफ्रिकेत ६७, मोझांबिकमध्ये ५६, नामिबियात ५५. आणि सेनेगलमध्ये ३. म्हणजे एकाच खंडात ३ ते ७४. 'आफ्रिकेत असंच असतं' म्हणणाऱ्यांनी हा पडदा एकदा उघडून पाहावा. मात्र अॅपनं हे शेजाऱ्याचे आकडे आणि प्यूचे समाजानं मान्य करण्याचे आकडे एकाच रंगपट्टीवर ओतलेत. दक्षिण आफ्रिका शेजाऱ्याच्या प्रश्नावर ६७ आहे आणि प्यूच्या प्रश्नावर ५४. शेजारी चालतो, समाजात नको? की समाज म्हटलं की देवळातलं-चर्चमधलं उत्तर येतं आणि शेजारी म्हटलं की एखादा ओळखीचा चेहरा? मला दुसरं जास्त पटतं. त्या गृहस्थांचा भाऊ आठवा.

आता तो कापलेला पूर्ण तारा. अॅपचा मुख्य आकडा, जो मोठ्या अक्षरांत दिसतो, तो 'एकूण गुण' आहे. निम्मे गुण कायद्याचे, निम्मे जनमताचे. कशासाठी ही मिसळ? तैवाननं मे २०१९मध्ये समलिंगी विवाह कायदेशीर केला, आशियात पहिला. त्याच्या आधी सहाच महिने, नोव्हेंबर २०१८च्या सार्वमतात लोकांनी मोठ्या फरकानं उलटा कौल दिला होता, आणि २०२३मध्येही प्यूला विवाहाच्या बाजूनं ४५ टक्केच लोक मिळाले. जपानमध्ये त्याच वर्षी ६८ टक्के बाजूनं, आणि देशपातळीवर कायदा नाही. शिबुया, सेतागाया यांसारख्या पालिकांनी २०१५पासून दिलेली भागीदारीची प्रमाणपत्रं आहेत, बस. एकीकडे कायदा लोकांच्या पुढे, दुसरीकडे लोक कायद्याच्या पुढे. बेरीज केली की दोन्ही शेजारी-शेजारी येऊन बसतात. तिथे राहायला जाणाऱ्याला दोन वेगळे प्रश्न असतात: इस्पितळात माझ्या माणसाजवळ मला बसू देतील का, आणि जिन्यात भेटणारी बाई नमस्कार करील का. पहिल्याचं उत्तर कायदा देतो, दुसऱ्याचं जनमत. बेरीज कुठल्याच प्रश्नाचं देत नाही.

कोरियाचं उदाहरण घ्या. विवाह नाही. पण १८ जुलै २०२४ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आरोग्य विम्यात समलिंगी जोडीदाराला अवलंबित म्हणून घ्यायला हवं असा निकाल दिला. पोलंडच्या संविधानाचं अठरावं कलम विवाहाची व्याख्या स्त्री-पुरुषाचं मीलन अशी करतं. माझ्या कामाची ही माहिती होती, आणि ती मला अॅपबाहेर शोधावी लागली.

वर्षांची पट्टी मात्र झकास आहे. मी तासभर तीच सरकवत बसले. २००२ ते २०१९: अमेरिका ५१ वरून ७२, दक्षिण आफ्रिका ३३ वरून ५४, कोरिया २५ वरून ४४. भारत २०१४मध्ये १५, २०१९मध्ये ३७, आणि मधे ६ सप्टेंबर २०१८चा कलम ३७७ वरचा निकाल. केनिया १ वरून १४. त्या एकावर मी थांबले. २००२मध्ये केनियात शंभरातल्या एकानं अनोळखी माणसाच्या तोंडावर 'हो, मान्य करावी' असं म्हटलं होतं. कोण असेल? फॉर्म भरणाऱ्यानं दोनदा विचारून खात्री केली असणार. आणि रशिया २२ वरून १४. पट्टी पुढे सरकते तसा रंग गडद लाल होत जातो. मधे २०१३चा, समलैंगिकतेच्या 'प्रचारबंदी'चा कायदा आहे. २०१९नंतरची पट्टी तिथे रिकामी, पण नोव्हेंबर २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अख्ख्या एलजीबीटी चळवळीला 'अतिरेकी' ठरवून टाकलं. यानंतर तिथे कुणी दारात येऊन हा प्रश्न विचारला तर मी तरी दार उघडणार नाही.

राखाडी देशांबद्दल एकच तक्रार. माहिती नाही म्हणून राखाडी, हे ठीक. काही देशांत हा प्रश्न प्रश्नावलीतून वगळावाच लागतो. पण अॅप काही ठिकाणी शेजारच्या देशांवरून 'अंदाज' काढून रंग भरतं आणि तो रंग खऱ्या आकड्याच्या रंगासारखाच दिसतो. निदान रेघा मारा. आमच्याकडे असा अंदाजानं भरलेला फॉर्म सापडला की मुलाखतकाराला घरी पाठवायचो.

उरली सिडनी. ऑस्ट्रेलिया ८१, गडद हिरवा. मुलगा म्हणाला, "झालं, ठरलं." इथे अॅप बाजूला ठेवून मी ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी कार्यालयाची २०१७ची टपाली मतचाचणी उघडली. समलिंगी विवाहाला परवानगी द्यावी का, असा एकच प्रश्न प्रत्येक मतदाराच्या घरी टपालानं गेला होता. समोर कुणी पेन घेऊन बसलेलं नाही, आतून बायकोचा आवाज आला तरी चालतो. ७९.५ टक्के लोकांनी उत्तरं परत पाठवली, एक कोटी सत्तावीस लाखांच्या आसपास. आम्ही हजार-दोन हजार लोकांवर देशाचं मत सांगायचो, त्यामुळे ही फाइल पाहून मला अक्षरशः तहान लागली. देशाचा निकाल: ६१.६ टक्के होय. १५० मतदारसंघांपैकी १३३ होय, १७ नाही. त्या १७ पैकी १२ एकट्या पश्चिम सिडनीतले.

सिडनी नावाच्या मतदारसंघात होय ८३.७ टक्के. त्याच शहरातल्या ब्लॅक्सलँडमध्ये २६.१. लोकल गाडीनं जाता येईल इतकं अंतर आणि कोरियातल्या बाप-लेकांइतका फरक. पश्चिमेकडे बाहेरून आलेली, धर्माला धरून राहणारी कुटुंबं जास्त, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. हे वाचून मी जरा वेळ गप्प बसले. बाहेरून आलेली कुटुंबं म्हणजे आपल्यासारखीच की. मुलगा परदेशी गेला की आई पहिलं काय विचारते? आपली माणसं आहेत का जवळपास? मीही तेच विचारणार होते.

तर अॅप कुणी घ्यावं? शिकणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी, वर्तमानपत्रात दोन ओळी लिहायच्या आहेत त्यांनी जरूर. नुसतं फिरायला जाणाऱ्यांनी 'कायदा' हा टॅब वेगळा उघडून वाचावा. साठाहून जास्त देशांत समलैंगिक संबंध हा अजून गुन्हा आहे आणि तो टॅब नीट केलेला आहे. घर शोधणाऱ्यांना याचा उपयोग नाही. पुढच्या आवृत्तीत वयोगट आणि देशांतर्गत विभाग दाखवले, प्रश्नाचे मूळ शब्द दिले आणि ती बेरीज काढून टाकली, तर मी तारे वाढवीन. हे सगळं त्यांना अभिप्रायाच्या चौकटीत लिहिलं होतं. पाचशे अक्षरांनंतर चौकट बंद पडते.

करार सिडनीचा झाला. ती दीडशे ओळींची फाइल मी छापून, होयच्या टक्केवारीनं उतरत्या क्रमात लावून, पिवळ्या पेनानं खुणा करून दिली. मुलाच्या जोडीदारानं ती अगदी शांतपणे शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग म्हणाला, "काकू, शेजाऱ्यांचं आम्ही बघून घेऊ. तुम्ही फक्त एवढं शोधून द्या, यातल्या कुठल्या भागातून ऑफिसला गाडी न बदलता जाता येतं."